उपाशी सोंगाड्या

(हडपसरमधला फ्लॅट. हॉलमध्ये कॅमेरा लावलेला. रंगनाथ म्हणजे तमाशातला जुना सोंगाड्या, मालनबाई त्यांची बायको. पुरस्कार सोहळ्यात दाखवायची फिल्म करायला नारायण पेठेतून आमोद आलाय.)

आमोद : ...आणि काका, हा सोफा फ्रेममधून काढावा लागेल.

रंगनाथ : का? सोफ्यानं काय घाण केली?

आमोद : नाही नाही, छान आहे. प्रॉब्लेम तोच आहे. फार छान आहे. मागे एसी पण दिसतोय. पुरस्काराचं नाव 'उपेक्षित लोककलावंत' आहे ना, मग लोक कनेक्ट नाही होणार.

रंगनाथ : एसीवर गोणपाट टाकू?

आमोद : चालेल! आहे?

रंगनाथ : मालन! गोणपाट हाय का गं घरात?

मालनबाई : कशाला? भाकरी थापतीय मी हितं.

रंगनाथ : आपण गरीब पाहिजे म्हणं.

मालनबाई : कुणाला?

रंगनाथ : पुण्याला.

आमोद : काकू, प्लीज गैरसमज नको. आम्ही कलावंताला देव मानतो.

रंगनाथ : म्हणून तर सोफा काढतोय गं तो. देवाला काय, पाट पुरतो.

आमोद : काका, खाली वॉचमनकडे एक मोडकी बाज बघितली मी. टेक्स्चर कसलं भारी आहे तिचं! त्यावर बसाल?

रंगनाथ : मग वॉचमन कुठं बसंल?

आमोद : राहील की उभा थोडा वेळ.

रंगनाथ : मग उपेक्षित तो झाला. त्यालाच देऊन टाका पुरस्कार.

आमोद : आणि हा टी-शर्ट... पुढे 'गोवा' लिहिलंय.

रंगनाथ : जावयानं आणलाय. काढतो. बनियन ठेवू का तेही भोकाचं लागंल?

आमोद : भोकाचं असेल तर... म्हणजे आग्रह नाही. थांबा, आधी व्हॉइसओव्हर वाचून दाखवतो. 'हलगी वाजायची, रसिक हसायचे. पण त्या हास्यामागचे अश्रू कुणी पाहिले? कित्येक रात्री हा कलावंत उपाशीपोटी झोपला...'

मालनबाई : कोण झोपलं?

आमोद : काका.

मालनबाई : उपाशी?

आमोद : म्हणजे काकू, ते सिम्बॉलिक—

मालनबाई : थांब, आलेच भायेर. हां, आता बोल. कोण उपाशी?

रंगनाथ : आमोद, तिच्या हातात उलथनं हाय. जपून बोल.

मालनबाई : आरं, कारखान्याच्या गेटावर खानावळ व्हती माझी. नागपूर-चंद्रपूरकडनं आलेली पोरं माझ्या भाकरीवर मशीनम्होरं उभी ऱ्हायची. पावसाळ्यात तमाशा बंद पडला की अख्खा फड माझ्या दारात पंगतीला. ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, बाया, त्यांची लेकरं. कुणाला न्हाई म्हणले न्हाई. अन् माझाच नवरा उपाशी?

रंगनाथ : आमच्या वगात राजा काडीसारखा अन् त्याचा हुजऱ्या मी, असा गरगरीत. मी नुसता त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो की पब्लिक फुटायची.

आमोद : मस्त आहे हे, पण... स्ट्रगल कुठंय यात?

मालनबाई : ष्ट्रगल? चुलीम्होरं बसला व्हता माझ्यासंगं. त्याची काढ फिल्म.

आमोद : काकू, मी समजू शकतो. पण समितीला कळलं की इथे सगळं ओकेच आहे, तर... दुसरं नाव तयार आहे त्यांच्याकडे. एक पिपाणीवाले आजोबा आहेत. त्यांच्या घराला छप्परच नाहीये.

रंगनाथ : बघ! एवढी चढाओढ आमच्या फडातसुद्धा नव्हती.

मालनबाई : मग द्या की त्यांनाच. खरी गरज हाय.

रंगनाथ : ए, गप. द्या म्हणं. अस्मी यायचीय.

मालनबाई : हां, पोरगी येणार म्हणल्यावर ऱ्हाऊ दे.

आमोद : अस्मिताताई ना? बघितली मी त्यांची इन्स्टावरची स्टोरी. 'प्राउड डॉटर ऑफ अ फोक आर्टिस्ट', खाली हार्ट, फेटा. कसले लाइक्स आहेत त्यावर!

रंगनाथ : फोक आर्टिस्ट. ऐकलंस मालन? आधी मी तमाशातलं बेणं होतो. मग सरकारी पेन्शन चालू झाली, तसा लोककलावंत झालो. आता फोक आर्टिस्ट. जागचा हललो नाही अन् बढत्या बघ.

आमोद : ताई येतील ना नक्की?

रंगनाथ : पहिल्या रांगेत. सासू-सासरे, नणंद, सगळी वरात घेऊन. पोरीनं आजवर माझं काम बघितलेलं नाही रे. कधी आलीच नाही. आता तिच्या तोंडानं म्हणतीय, बाबा, मला तुम्हाला स्टेजवर बघायचंय. तेवढ्यासाठी मी बाजेवर काय, तिरडीवर बसंन.

मालनबाई : शुभ बोल.

आमोद : मग काका, एक छोटासा रडण्याचा शॉट देता?

रंगनाथ : कुठल्या डोळ्यातनं?

आमोद : म्हणजे?

रंगनाथ : कॅमेरा कुठल्या अंगाला हाय? उजव्यातनं लगेच येतं. डाव्याला जरा वेळ द्यावा लागतो, मोतीबिंदू काढलाय त्याचा.

आमोद : क्या बात है! उजवाच घेऊ. रोलिंग... हां, बोला.

रंगनाथ : काय सांगू बाळ... पौषातली थंडी. तंबू वाऱ्यानं फाटलेला. अंगावर बंडी, तीही उसनी. पोटात अन्नाचा कण नाही. तेवढ्यात एक कुत्रं आलं, तोंडात भाकरीचा तुकडा. मी हात पुढं केला, बाळ. माणसाच्या जातीनं कुत्र्यापुढं हात केला. आणि ते मुकं जनावर... त्यानं तो तुकडा माझ्यापुढं ठेवला. डोळ्यांत पाणी आणून म्हणालं, 'घे मर्दा, तू कलावंत आहेस.'

आमोद : बाप रे... सॉरी काका, एक मिनिट, रुमाल... मला खरंच... थांबा. कुत्रं म्हणालं?

मालनबाई : आगं बया! हसून हसून कळ निघाली कुशीत!

रंगनाथ : जत्रेत याच्यावर शिट्ट्या पडायच्या. तू पहिला रडलास. पेठेतला ना तू?

आमोद : काका, तुम्ही ना... ओके. मस्करी पुरे. पण एक सांगा, एकदा तरी खरंच वाईट वाटलं असेल की. एखादा खरा क्षण?

रंगनाथ : नाही बुवा.

मालनबाई : अस्मीच्या लग्नात.

रंगनाथ : मालन.

मालनबाई : सांगू दे की. तो का दारोदार सांगत फिरणार हाय? आरं, सोयऱ्यांना सांगितलं व्हतं, बाप साखर कारखान्यात कारकून हाय. अक्षता पडल्या अन् एक म्हातारं आलं गर्दीतनं, थेट ह्यांच्या पायावर. म्हणतंय, 'रंगा फटाका! तुम्हीच ना?' शेजारी व्याही उभे. अन् ह्यो माणूस म्हणला, 'चुकलं तुमचं. मी तो न्हवं.'

रंगनाथ : काम सुरेख झालं होतं त्या दिवशी. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मालनबाई : म्हातारं वशाळलं. म्हणलं, 'माफ करा. माझी बायको गेली त्या साली मला त्यानंच हसवलं व्हतं. कधी भेटला तर सांगा त्याला.'

आमोद : मग?

रंगनाथ : सांगतो म्हणालो.

आमोद : ...काका. हेच. बस, हेच पाहिजे! ते उपाशी वगैरे सगळं उडवतो मी. सोफा राहू दे, एसी राहू दे, 'गोवा' घाला परत. फक्त हे बोला.

रंगनाथ : नाही.

आमोद : अहो, अख्खा हॉल उभा राहील!

रंगनाथ : अन् पहिल्या रांगेतली एक मान खाली घालून बसंल. 'बाबा, तेवढा दिवस गप राहा,' तीच म्हणाली होती. शाळेत पोरांनी 'तमाशावाल्याची, तमाशावाल्याची' करून रडवलेली पोरगी ती. आता सासूला सांगितलंय, बाबांनी कारखान्यातली नोकरी सांभाळून कला जपली म्हणून. जपली तर जपली. भर हॉलात तिला उघडं पाडू?

आमोद : म्हणजे... परत उपाशीच?

रंगनाथ : उपाशी तर उपाशी. नोकरी लागायच्या आधीचं म्हणून खपंल. आण जा तुझी बाज.

आमोद : पण काकूंना चालणार नाही ना ते.

मालनबाई : लिव्ह पोरा.

आमोद : नक्की, काकू?

मालनबाई : बायको कजाग व्हती, भाकर द्यायची न्हाई, असं लिव्ह. लोकास्नी पटतं बी लगीच.

रंगनाथ : अगं, तुझी खानावळ—

मालनबाई : माझ्या खानावळीला काय करायचाय पुरस्कार? पोरीकडं कुणी बोट करायचं न्हाई, बास. लिव्ह तू.

रंगनाथ : ...आमोद, लाव कॅमेरा.

आमोद : दोन मिनिटं काका, लाइट जरा सेट—

रंगनाथ : लाव म्हणतो ना आधी! खोट्या रडण्यात खरं मिसळलं की टायमिंग जातं.