वण कुठल्या गालावर

—नाही काढणार. दहा वेळा विचारलंस तरी नाही. तुझ्या भावाचं डोकं फोडलं त्या माणसाने, अकरा टाके पडले, सगळं कळतं मला, पण मी चेहरे काढत नाही — आणि एवढ्यासाठी तीन आठवडे माझ्याकडे रेघा ओढायला आलीस होय? तरीच. एवढ्या रागाने कोणी चौकोन काढत नाही गं. पेन असं धरतेस, जसं कोणाच्या पोटात खुपसायचंय. टॅब्लेटची काच फुटेल एक दिवस. बस खाली. डोळे वटारू नकोस माझ्यावर, मी तुझ्यापेक्षा चिडकी आहे.

का नाही काढत ते ऐक, मग जा. मी चौथी शिकलेली बाई. या चित्रकलेच्या क्लासात झाडलोट करायला आले. फरशी पुसता पुसता पोरांच्या पाठीमागून त्यांच्या स्क्रीन बघायचे, आणि एका पोराला न राहवून म्हटलं, अरे, तुझ्या खोक्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा मोठी झालीय, पडेल तो. मास्तर हसले आणि पेन माझ्याच हातात दिलं. वर्षभर दुसरं काही नाही — खोका, नळकांडं, गोळा. मनगट नाही, खांद्यापासून हात हलवा. माणूस म्हणजे काय? नळकांड्यांवर ठेवलेलं अंडं. घरी नवरा जेवायला बसला की मला तो तसाच दिसायचा, एक जाड नळकांडं, चार बारीक. भीतीच गेली त्याची. हसतेस काय, खरं सांगतेय.

आणि चित्र उलटवायचं, तेही मास्तरांनीच शिकवलं. एकाच बाजूने तासभर बघितलं की डोळा खोटं बोलायला लागतो, वाकडं नाकही सरळ वाटतं. मग बटण दाबायचं — आरशासारखं डावं उजवीकडे, उजवं डावीकडे — आणि चूक लगेच डोळ्यांत घुसते. ती दुरुस्त करायची, आणि चित्र परत सरळ करायचं. परत सरळ करायचं. रोज दोनदा का ओरडते मी हे? कंटाळलीस ना ऐकून?

माझी धाकटी बहीण. शिवणकारखान्यात होती. दुपारी पगार घेऊन जिना उतरताना एकाने तिला सळईने मारलं. पिशवी तिने पहिल्याच फटक्याला सोडली होती, तरी मारत राहिला. जबडा दोन ठिकाणी मोडला. तारांनी बांधला डॉक्टरांनी, बोलणार कशी? मग मी तिचा हात हातात घेतला आणि मांडीवर टॅब्लेट. हो असेल तर एकदा दाब, नाही असेल तर दोनदा. भुवई जाड? एकदा. नाक बसकं? एकदा. वण आहे? एकदा. गालावर — त्याच्या उजव्या? तिने इतक्या जोरात दाबलं की नखं रुतली माझ्या तळव्यात. ही बघ खूण. काढला मी तो. उलटवून बघितला, हनुवटी कलली होती, ती सरळ केली, आणि तेवढ्यात तिच्या तोंडातून रक्त यायला लागलं, मी नर्सला बोलवायला पळाले. परत आले तेव्हा चेहरा स्क्रीनवर तयार होता. इतका जिवंत की मलाच धडकी भरली. तसाच छापून आणला. साठ प्रती. विजेच्या खांबांवर, न्हाव्याच्या दारात, पाण्याच्या टाकीवर.

चौथ्या दिवशी लोकांनी किल्लीवाल्याला धरला. कोपऱ्यावर पेटी मांडून किल्ल्या घासायचा, नवाच आलेला. जाड भुवया, बसकं नाक — अशी माणसं काय कमी असतात? चेहरा कोणी बघितलाच नाही, सगळ्यांनी वण बघितला. मी इथूनच धावले. हातात आली ती लोखंडी पट्टी घेऊन, ती टेबलावर आहे ना — ती नव्हे, तिच्यासारखीच होती, ती मी नंतर फेकून दिली. गर्दी बाजूला झाली. कोणीतरी म्हणालं, बाई आल्या, बाईंना मारू द्या, त्यांचा हक्क आहे. मान दिला गं मला, लग्नात देतात तसा. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलेला, मी त्याच्या बोटांवर मारलं. मी नाही, मी नाही, म्हणत होता. सगळेच म्हणतात. हाड मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा असतो, कोणी सांगत नाही हे.

चुकीचा होता तो. घरी जाऊन टॅब्लेट उघडला तेव्हा कळलं, उलटाच राहिला होता चेहरा.

काय? घरी गेल्यावरच. सांगितलं ना. किती फटके? तीन. चार. दोन मारले आणि त्याचे हात खाली आले, तोंड दिसलं. वण डाव्या गालावर, त्यावरून रक्त ओघळत होतं. माझा तळवा ठणकायला लागला, तिची नखं होती तिथे. उजवा, तिने उजवा सांगितला होता — मी बघितलं. स्वच्छ बघितलं. पण पट्टी वर गेलेली होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला — मला थांबायचं नव्हतं. चार दिवस वाट बघितली होती मी कोणाला तरी मारायची. पुढचे दोन जास्त जोरात मारले.

जगला. तीन बोटं वळत नाहीत, कानस धरता येत नाही. एकदा वाटेत मला अडवून त्याने विचारलं, बाई, मी काय केलं होतं? म्हटलं, चेहरा सारखा होता. बहिणीलाही हेच सांगितलं. आणि तो खरा, तो त्याच पोस्टरखालून चालत गेला असेल, स्वतःचा गाल चाचपत.

कोणाला बोलले नव्हते हे. तुलाच का सांगितलं कोण जाणे.

तो तुझ्या भावाला मारणारा... किती उंच म्हणालीस? दाढी आहे? डोकं उभट की गोल — थांब, पेन दे इकडे. अंडं असं, मधली रेघ अशी. डोळे या रेघेवर. काही खूण होती? कुठल्या बाजू—

नको. सांगू नकोस. पेन ठेव तिथे. पिशवी घे तुझी. ऊठ म्हटलं ना.