सत्तावीसशेचा फरक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय धाऊशेठ भेरे, व्यासपीठावरील प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती आमचे अकाउंटचे धानके सर, सरांबरोबर आलेल्या सौ. धानके बाई, आणि चहा होऊनही जागा न सोडलेल्या तमाम श्रोत्यांनो,

मी हरेश विशे. बारा वर्षांपूर्वी याच महाविद्यालयातून बी.कॉम. झालो. सध्या आसनगावला लोकांची रिटर्न भरून देतो. मला पाच मिनिटं दिलेली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनाही पाचच दिली होती, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

धानके सर तेहेतीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत, असं आत्ता तीन वक्त्यांनी सांगितलं. तिघांच्याही भावनेचा आदर राखून मला ते दुरुस्त करायचं आहे. सर चुकले होते. मी साक्षीदार आहे.

सर पहिल्याच तासाला सांगायचे, फायनान्शियल अकाउंटिंग म्हणजे काय झालं ते लिहिणं. मॅनेजमेंट अकाउंटिंग म्हणजे त्यावरून आता काय करायचं ते ठरवणं. पहिलं खोटं लिहिलंत तर दुसरं कोणाच्या बापाला जमणार नाही. आम्ही हे वहीत उतरवून घेतलं आणि वही बंद केली.

पुस्तकातले व्यापारी सगळे मोठ्या शहरांतले. सर त्यांना आपल्या तालुक्यात बदली करून आणायचे. तिसऱ्या वर्षाच्या प्रिलिमला त्यांनी किन्हवलीची एक भाताची गिरणी दिली. कोंडा विकलेला, वीजबिल थकलेलं, सगळं व्यवस्थित. सोळा गुणांचा ताळेबंद. मी सोडवला आणि दोन बाजूंत सत्तावीसशेचा फरक आला. मग अशा वेळी सुज्ञ विद्यार्थी काय करतो? मी 'किरकोळ खर्च' लिहिले, सत्तावीसशे. ताळेबंद जुळला.

माझ्या मागच्या बाकावर राही होती. खर्डीच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्यावरून यायची. तिलाही तोच फरक आलेला. मी मान न वळवता म्हटलं, "किरकोळ खर्चात टाक."

ती म्हणाली, "खर्च झालाच नाय, तर टाकू कसा?"

मला तिची कीव आली.

निकालात मी पास, राही नापास. चोपन्न जणांत एकटीचा ताळेबंद जुळला नव्हता. तिच्या वडिलांनी, नामाकाकांनी, आधीच सांगून ठेवलं होतं की पास झाली तर पुढे शीक, नाहीतर गोडाऊनला पॅकिंगचं काम बघून ठेवलंय. सोमवारपासून ती यायची बंद झाली.

मी मात्र सरांकडे गेलो. राहीसाठी नव्हे. मला अर्धा गुण वाढवून हवा होता.

सरांनी पेपर उघडला. "हे सत्तावीसशे कुठून आणलेस?"

"सर, गरज होती."

सरांनी दुसरा पेपर काढला. त्यात मालकाने सत्तावीसशे घरखर्चाला उचलले होते. तिसऱ्यात गिरणीत चोरी झाली होती. चौथ्यात तेवढीच रक्कम गणपतीला दिली होती. मग सर स्वतःच फळ्यावर ती गिरणी सोडवायला लागले आणि मध्येच खडू ठेवून दिला. टाइप करताना यंत्राची किंमत अठरा हजार पाचशेऐवजी पंधरा हजार आठशे पडली होती. तो ताळेबंद जुळणं शक्यच नव्हतं. त्रेपन्न जणांचा जुळला होता, आणि सरांनी तळाचे दोन आकडे सारखे आहेत एवढंच बघून गुण दिले होते.

मग राहीचा पेपर निघाला. खाली लिहिलं होतं: "फरक २,७००. नऊने भाग जातो, म्हणजे कुठेतरी दोन आकडे उलटे पडले असावेत. मला सापडले नाहीत."

सर म्हणाले, "चल." मला का नेलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. खर्डीपर्यंत गाडी, पुढे रिक्षा, पुढे रिक्षावाल्याने हात जोडले म्हणून चालत. नामाकाका अंगणात कुडाला काठ्या बांधत होते. सरांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "चूक माझी आहे. तुमच्या मुलीने बरोबर लिहिलं होतं."

नामाकाकांनी विचार केला. "मंग बाकीची पोरां पास कशी झाली?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी कोंबडीकडे बघितलं.

"त्यांनी जुळवलं," सर म्हणाले.

"आन तुमाला नाय कळला?"

"नाय कळलं."

"मंग तुमाला कोन नापास करल?"

"तेच सांगायला आलोय."

काकांनी काठी खाली ठेवली. "हा सगल्या वर्गासमोर सांगाल, तर पाठवतो पोरीला."

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं. पेपर मी चुकीचा काढला आणि चुकीचा तपासला, असं, एकाही शब्दाची सजावट न करता. राही दाराजवळच्या बाकावर बसून ऐकत होती. त्या दिवशी मला फार लाज वाटली, आणि सर, ती वाटायला लावल्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. नंतर सगळे पेपर पुन्हा तपासले गेले. अर्धा गुण मागायला गेलेला मी सोळा घालवून बसलो.

राही आज याच महाविद्यालयात लेखापाल आहे. सरांच्या पेन्शनचे कागद तिनेच केले. एका सहीवर तारीख नव्हती म्हणून तिने ते सरांना दोनदा परत पाठवले. सर घरी जाऊन खूश होते, असं बाईंनी मला सांगितलं.

आता शेवटचं. आजच्या समारंभाच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे होता. दुपारी तो राहीला दाखवला. चारशे पन्नासचा फरक येतो. मी म्हटलं, हारतुऱ्यांत टाकू. तिने हारांची पावती मागितली. म्हणून दाराशी जो हिशेब लावलाय, त्याच्या खाली 'फरक ४५०, सापडला नाही' असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली माझी सही आहे. नऊने भाग जातो, हे सरांनी आत्ताच बोटांवर मोजलेलं मला इथून दिसलं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, अशी विनंती करायची पद्धत आहे. मी ती करत नाही. चुकलं असेल तिथे मला थांबवून सांगा. सर, आधी तुम्ही.