ज्यांचं अंग, त्यांचं माप

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दुकानाचे नवे व्यवस्थापक माननीय हॉल्डेनसाहेब, व्यासपीठावर बसलेले फादर कीओ, महिला मंडळाच्या अध्यक्षा सौ. बर्गडॉर्फ, सत्कारमूर्ती कुमारी ओटिली प्रांग, आणि हातमोजे घालून, टोप्या सावरत बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. दुसऱ्या मजल्यावर टोप्या विकण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे गोड बोलायची सवय आहे. आज ते कितपत जमेल, सांगता येत नाही.

साहेबांनी ओटिलीला चांदीचं तबक दिलं. सुरेख आहे. त्यावर एकतीस वर्षांची सेवा असं कोरलंय. सेवा खरं तर चौतीस वर्षांची होती. असो.

शाळेत आमच्या सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, नीट बसलेला कपडा माणसाला ताठ उभं करतो. पण पन्नाशीनंतर बाईला नीट बसणारा कपडा द्यायचा कुणी? मासिकांतल्या मुली सगळ्या विशीतल्या. आपली कंबर जाडावते, खांदे पुढे येतात, मग आपल्यासाठी हाफ साइजचा, म्हणजे बुटक्या-जाड बायकांच्या मापांचा विभाग, आणि त्यात रंग असे की बाई पडद्यात मिसळून जावी. परवा लिफ्टमध्ये साहेब मला हसत म्हणाले, "साठीच्या बायकांना कपडे हवेत कशाला? एक चर्चला, एक मयतीला." मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्याच बायकांसमोर ओटिली चौतीस वर्षं त्यांचे पोशाख अंगावर बेतायला गुडघ्यांवर बसली, तोंडात टाचण्या धरून. फादर, माफ करा, पण हे सांगायलाच हवं. शेतावरच्या कोरा हॅचबाई अडुसष्टाव्या वर्षी लाल पोशाखाकडे चोरून बघत होत्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. ओटिली टाचण्यांमधूनच म्हणाली, "घ्या तो लालच. तुम्हाला काळ्यात बघून तोही वर कंटाळला असेल." कोराबाई ट्रायल रूममध्ये हसता हसता रडल्या. आज त्या तोच पोशाख घालून आल्या आहेत.

ओटिली प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड ठेवायची. त्यावर नुसती मापं नसायची. अर्धांगाचा झटका आल्यानंतर कुणाचा खांदा उतरला, कुणाच्या पाठीला पट्टा आहे, आणि कुणाचा एक स्तन डॉक्टरांनी काढला. हो, मी तो शब्द उच्चारला. या गावात तो नवऱ्यापाशीही कुणी उच्चारत नाही. अशा बाईच्या पोशाखात ओटिली अस्तराच्या आत कापसाची घडी बसवायची आणि दुकानाच्या पावतीवर लिहायची, बाही आखूड केली.

फेब्रुवारीत, ओटिली जेवायला गेली असताना, साहेबांच्या कचेरीनं कार्डांचा डबा तिच्या खणातून काढला. अकरा जणींना पत्रं गेली, की शस्त्रक्रियेनंतर लागणारे खास कपडे आता आमच्याकडे मिळतील. त्यातलं एक पत्र न्याहारीच्या टेबलावर घरातल्या कुणीतरी मोठ्यानं वाचलं. त्या बाईंनी सहा वर्षं घरी सांगितलं होतं की पित्ताचे खडे काढले. त्यांचं नाव मी घेणार नाही. तो हक्क माझा नाही, आणि दुकानाचा तर मुळीच नव्हता. त्यानंतर त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या.

ओटिलीनं डबा परत आणला. साहेब म्हणाले, ही दुकानाची मालमत्ता आहे, याद्या अजून पुऱ्या व्हायच्या आहेत. मी दाराशीच उभी होते. ती म्हणाली, "साहेब, ज्यांचं अंग, त्यांचं माप. तुम्ही आम्ही मधे कोण?" दुसऱ्याच दिवशी साहेबांना आठवलं की ओटिलीचं वय त्रेसष्ट आहे. शेवटच्या दिवशी किल्ल्यांबरोबर डबाही जमा करावा, असं लेखी आलं. त्याचाच हा हृद्य निरोप समारंभ.

साहेब, किल्ल्या आणि डबा आज सकाळीच तुमच्या टेबलावर ठेवलाय. डबा रिकामा आहे. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी आम्ही दोघी घरोघर गेलो आणि जिचं कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते जाळावं, नाहीतर बायबलमध्ये ठेवावं. ज्यांचं पत्र मोठ्यानं वाचलं गेलं, त्या बाईंनी दार बोटभरच उघडलं. कार्ड घेतलं, वाचलं. मग म्हणाल्या, "ओटिली, माझा करडा कोट सैल होतोय गं. दुकान सुटलं तरी बघशील ना?" ती म्हणाली, मंगळवारी या, घरी या. मंगळवारी त्या आल्या. डोक्यावर माझ्याच विभागातली टोपी होती.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांची मी आभारी आहे. चहा आणि केक करणाऱ्या मुलींचेही आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. साहेबांची क्षमा मात्र मी मागत नाही. त्यांनाच अकरा दारांशी जाऊन ती मागायची आहे. पत्ते त्यांच्याकडे आहेतच.