दोनच नवे टायर

"काका, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत जास्त जोर कुठल्या चाकांना?" मैत्रिणींच्या पैजेखातर तिने गॅरेजमधल्या मिस्त्रींना विचारूनच टाकलं. आईबाबा गाडी दुरुस्त व्हायची वाट बघत बाकावर बसले होते.

"एरवी पुढच्या. ती घसरून भराभर फिरायला लागली, की मधला क्लच मागच्यांनाही जोर देतो."

"पण बाबांनी पुढचे दोनच टायर नवे घातलेत. मागचे झिजून लहान झालेत, ते सतत जास्त फिरणार. मग क्लचला उगाच वाटणार, कुणीतरी घसरतंय?"

"आणि तो तापणार. तुमच्या गाडीचा क्लच कशाने तापतो, सकाळपासून हेच शोधतोय गं पोरी."

"मला वाटलं, मागचे चालतील अजून," बाबा पुटपुटले.

"तुम्हाला काय, नेहमीच वाटतं," आई म्हणाली.

"काका, सुट्टीत मला काम शिकवाल?"

"शिकवीन की. आधी घरच्यांना विचार."

ती बाकाकडे वळली.

"आईबाबा, सुट्टीत मी रोज इथे येणार आहे."