काही आढळलं नाही

...नाही, पण मला सांगा, चष्मा काढून घेतला, घड्याळ काढून घेतलं, मागून उघडा असलेला हा झगा घातला, इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही हो, हर्नियाचं ऑपरेशन म्हटल्यावर एवढं होणारच... पण ती सिस्टर स्क्रीनकडे बघून म्हणते, "ॲलर्जी... काही आढळलं नाही," आणि चालली पुढे! काही आढळलं नाही? अहो, पेनिसिलिनची एकच गोळी घेतली होती मी, लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात. तोंड असं सुजलं की सासूबाईंनी दारातच विचारलं, "कोण पाहिजे?"

तुम्हाला सांगतो, तुम्ही दोघं माझ्यासारखेच स्ट्रेचरवर रांगेत आहात म्हणून सांगतो, ती स्क्रीन माझी आहे. म्हणजे या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात मी, आणि मीच ती बसवली. लॅबचे रिपोर्ट एकीकडे, औषधं दुसरीकडे, ॲलर्जीच्या नोंदी तिसरीकडे, आणि सगळीकडे शोधणारी ही एकच खिडकी. प्रत्येक ठिकाणी आत शिरायला तिला एक एपीआय की लागते, म्हणजे चाळीस अक्षरांचा पासच समजा, यंत्राने यंत्राला दाखवायचा. तो नव्वद दिवसांनी संपतो. कुणी ठरवलं? मी. सुरक्षिततेसाठी! आणि संपला की खिडकी बोंब मारत नाही हं... आधी लाल अक्षरं यायची, पण मोठे डॉक्टर म्हणाले, "पेशंट घाबरतात," म्हणून मीच ती काढली. आता ती सभ्यपणे म्हणते, काही आढळलं नाही.

ॲलर्जीच्या पासाचे नव्वद दिवस भरले परवा. तीन मेल आले होते मला. पण पोटात कळ यायची हो, म्हटलं, ऑपरेशन होऊ दे, मग बघू. म्हणजे परवापासून या इमारतीत कुणालाच कशाचीच ॲलर्जी नाही, सगळे ठणठणीत... तुम्हाला चालत नाही असं काही आहे का? सल्फा? बरं... बरं. तुम्ही शांत पडून राहा.

मी सिस्टरला म्हटलं, "मला पेनिसिलिन चालत नाही, माझं ऐका." ती म्हणते, "काका," कालपर्यंत सर होतो, झगा घातल्यावर काका झालो, "काका, तोंडी काही धरायचं नाही, खिडकीत असेल तेच खरं, हे ट्रेनिंगमध्ये तुम्हीच आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत ना?" घेतलं! कागदी फॉर्मही मीच बंद केले. गठ्ठे स्वतः उचलून रद्दीत नेले, हर्निया त्यानेच झाला.

मग तिला विभागात फोन लावायला लावला. तिथे माझा असिस्टंट, त्याला आम्ही 'बघतो' म्हणतो, कारण कशालाही तो तेच म्हणतो. आज नेमकं त्याने बघितलं. "सर, नवीन की काढतो, पण कोड तुमच्या मोबाइलवर येईल, तेवढा सांगा." मोबाइल बायकोकडे, बाहेर बाकावर. आणि तिने तो बंद केलाय. सकाळी म्हणाली, "आज तरी ऑफिस नको, आज तुम्ही माझे." बत्तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली हो, आणि मुहूर्त आजचा! सिस्टरला पाठवलं बघायला. आली परत. "बाकावर कुणी नाही, काका. चहाला गेल्या असतील, आजूबाजूला पण बघितलं..." पुढचं बोलू नका म्हटलं, मला ठाऊक आहे.

शेवटी तुमच्याच पेनने दंडावर लिहिलं ना मी, ठळक, 'पेनिसिलिन नको'? ती मघाची दुसरी सिस्टर बघितलीत? "काका, हे काय गिरवलंय, ऑपरेशनआधी अंग स्वच्छ लागतं," आणि स्पिरिटचा बोळा घेऊन... पुसलं. अगदी चकाचक.

हं... हलली गाडी. खरं सांगतो, भीती वाटतेय, मघापासून बडबडतोय ते त्यामुळेच. बायको आली तर सांगा, आताच आत नेलं. आणि मी परत आलो नाही, ती मला शोधायला लागली, तर तेवढं त्या खिडकीत माझं नाव टाकू देऊ नका. काय उत्तर येईल, ते मला तोंडपाठ आहे.