हळू बोल, बाळ जागं आहे

धाकटी: दार लोटू नकोस, नुसतं टेकव. हं. आता बोल, पण हळू.

ताई: बाळ झोपलंय का?

धाकटी: जागं आहे, म्हणूनच म्हणते.

ताई: आणि हे काय, खुर्च्यांच्या पायांत मोजे? दारावरच्या बेलची वायर कोणी कापली?

धाकटी: मी. कुरिअरवाल्याने बेल वाजवली आणि बाळ लाकडासारखं ताठ झालं. मुठी आवळलेल्या, श्वास बंद, ओठ निळे. मला वाटलं, संपलं सगळं.

ताई: आणि हे मला आईकडून कळावं? कुठे आहे ती?

धाकटी: स्वयंपाकघरात. टॉवेल अंथरून त्यावर एकेक भांडं पुसून ठेवतेय. तुला काय कळवणार गं? तू पडलीस उंदरांची डॉक्टर. मुलांचे डॉक्टर म्हणाले, फिट येते. औषध चालू आहे, गुण शून्य.

ताई: ताठ झाल्यावर शुद्ध जाते? डोळे फिरवतं?

धाकटी: नाही ना! तेच बघवत नाही. टक्क माझ्याकडे बघत असतं. घाबरलेलं.

ताई: दे इकडे. नाकाच्या शेंड्याला नुसतं बोट लावते.

धाकटी: कशाला? बघ, मान कशी झटकन मागे टाकली!

ताई: पुन्हा एकदा.

धाकटी: पुरे ना, ताई!

ताई: शेवटचं. निरोगी बाळ दोनतीनदा दचकतं, मग कंटाळतं. हे दर वेळी तेवढंच दचकतंय.

धाकटी: तू अशी पांढरी का पडलीस? खरं सांग. माझी शपथ आहे तुला.

ताई: हे मी रोज बघते गं. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची एक जात आहे, टाळी वाजवली की ताठ होतात. आवाज कानातून मेंदूच्या बुंध्यात जातो, इथे, मानेच्या वर. तिथे ग्लायसिन नावाचं रसायन असतं. पुढच्या पेशीला ‘गप्प बस’ म्हणायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्यामुळे आवाज कुठल्या बाजूने आला ते कळतं, आणि दचकलेलं अंग पुन्हा सैल पडतं. ह्या उंदरांत रसायन असतं, पण त्याचं ऐकणारे बहिरे.

धाकटी: म्हणजे ब्रेकच नाही?

ताई: आहे, पण नीट लागत नाही. कुचल्याच्या बियांचं विष असतं ना, ते हाच ब्रेक तोडतं. प्रयोगात आम्ही थेंबभर...

धाकटी: विष? माझ्या बाळाच्या पोटात विष गेलंय?

ताई: नाही गं, नाही! मी पण काय बोलून बसते. हे जन्मापासूनच असतं, बहुतेक घराण्यातून आलेलं.

धाकटी: ह्यांच्याकडे तर असं कोणीच नाही.

ताई: तुझ्या हनुवटीवरची खूण कशाची आहे?

धाकटी: फुगा फुटला तेव्हा पडले होते.

ताई: हातसुद्धा पुढे न करता. मी तुला ‘ओंडका’ म्हणायचे आणि सगळी गल्ली हसायची.

धाकटी: अजून पडते मी. मागून कोणी हाक मारली की पाय जागच्या जागी ताठतात. म्हणून बाळाला घेऊन जिना उतरतच नाही. ह्यांनाही सांगितलेलं नाही. भीती वाटते गं, मीच टाकेन त्याला.

(स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण पडतं आणि फरशीवर गरगरत राहतं. आई धावत बाहेर येते.)

धाकटी: ताई! ताठ झालं! श्वास नाही घेत, ताई...

आई: माझ्या हातून सुटलं गं! सरळ करा त्याला! हातपाय ओढा!

ताई: ओढू नकोस, आई! दुमडायचं. डोकं छातीकडे, गुडघे पोटाकडे. असं. ये रे राजा, ये.

धाकटी: ओठ बघ ना त्याचे!

ताई: धरलंय मी. सैल पडतंय. ये. हं... घेतला. घेतला श्वास.

धाकटी: रडतंय! आई, रडतंय!

ताई: रडू दे, हवं तेवढं मोठ्याने. त्याची पिशवी भर. मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं, आत्ता. गप्प करणारं दुसरंही एक रसायन असतं, गाबा. त्याला जोर देणारं औषध मिळतं, पुष्कळ मुलांना त्याने बरं वाटतं. पण नक्की काय ते डॉक्टरच सांगतील, मी उंदरांचीच. हे दुमडणं मात्र आजच शिकायचं, सगळ्यांनी.

धाकटी: जिना तू उतर त्याला घेऊन.

ताई: मीच उतरणार आहे. आई, तू अशी भिंतीला टेकून का उभी?

आई: तुमच्या दोघींमधला भाऊ...

ताई: आई, आत्ता नको.

आई: वाऱ्याने दार आपटलं होतं. तोही असाच ताठ झाला. मी त्याला सरळ केलं गं. हात ओढले, पाय ओढले, जीव खाऊन ओढले.

धाकटी: तू तर म्हणायचीस, झोपेत गेला.

आई: दुसरं काय सांगणार होते?

ताई: तेव्हा आपल्या डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हतं.

आई: असेल. दे त्याला माझ्याकडे. पुन्हा दाखव. आधी डोकं, की आधी गुडघे?

ताई: दोन्ही एकदम. आई, आधी नुसतं बघ.

आई: नाही, मीच करते. तू वरून माझे हात धर.