आजोबांचा डावा हात

खिशात! ऐकलंत ना? खिशात ठेवा म्हणे! म्हणजे मी तिथे समोर उभा, काळा सदरा, काळी विजार, तोंडावर काळी जाळी, प्रयोग संपवून नुकता बाहेर आलोय, घामाने निथळतोय... आणि हा नवीन मॅनेजर पेनाच्या टोपणाने कान कोरत विचारतो, "आजोबांचा डावा हात कोटाच्या खिशात शिवून टाकला, तर काय बिघडेल?" अहो, काय बिघडेल म्हणजे? मी बिघडेन! तो डावा हात मी आहे!

थांबा, तुम्हाला नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, ह्याचं डोकं फिरलंय. आमचा बाहुल्यांचा खेळ आहे. बाहुल्यांचा म्हणजे एकाच बाहुल्याचा. आजोबा. कागदाच्या लगद्याचं डोकं, लाकडाचे हात, आत कापूस, वर जुना कोट, आणि उंची म्हणाल तर जवळजवळ माझ्याएवढी. ह्या आजोबांना चालवायला चौघं लागतात. डोकं माझ्या मेहुण्याकडे. उजवा हात माझ्या बायकोकडे. पाय तिच्या काकांकडे, ते बिचारे सबंध प्रयोग कमरेत वाकून असतात. आणि डावा हात मी! म्हणजे बघा, अख्खं सासर आजोबांच्या अंगात, आणि जावई एका बाजूला लोंबतोय!

आता उजव्या हाताचं कौतुक असतंच हो. उजव्या हातात काठी, उजवा हात डोळे पुसतो, उजवा हात टाटा करतो. डावा काय करतो? डावा पाठीवर जातो. गुडघ्यावर टेकतो. मधेच कोटाची गुंडी चाचपतो. तोल गेला की पुढे होतो. झालं! पण म्हणून काय खिशात?

बरं, मॅनेजरचं एक वेळ सोडा, तो परका माणूस. तो वळला माझ्या बायकोकडे. "बाई, तुम्ही तर रोज शेजारी असता. काय करतो हो हा डावा हात?" आणि तुम्हाला सांगतो, ही हसली. हसून म्हणाली, "तसं विशेष काही नाही."

विशेष काही नाही! लग्नाची बायको! एका कोटाच्या दोन बाह्यांमध्ये आम्ही संसार केला, आणि ही म्हणते विशेष काही नाही! मेहुणा लगेच मान डोलावतो... तो डोलावणारच, मान त्याच्याकडेच असते. त्याच्या हातात आजोबांचं डोकं आहे ना, म्हणून त्याला वाटतं, अक्कलही आपल्याकडेच. "दाजी, शेवटी ठरवतं कोण? डोकं!" अरे, काय आहे त्या डोक्यात? मी दुरुस्तीच्या वेळी उघडून बघितलंय! पोकळ आहे! पापण्या मिटायची एक दोरी आणि एक मेलेलं झुरळ, संपलं! आणि गंमत बघा, डोकं धरणारा मागे उभा असतो, त्याला आयुष्यभर आजोबांचा फक्त टक्कल पडलेला मागचा भाग दिसतो. म्हणे ठरवतं डोकं!

तर मॅनेजर म्हणाला, "रविवारचा प्रयोग मी पुढे बसून बघतो. मग ठरवू."

मग ठरवू! मला दुसरं काही येत नाही हो. मी उजवा हात नाही होऊ शकत, पाय नाही होऊ शकत... मी आपला डावा हात. बाहेर जाऊन कुठे नोकरी मागू? "मागचा अनुभव?" "डावा हात." "आणि उरलेला माणूस?"

रविवार उजाडला. रंगपटात आम्ही चौघं, एक आरसा, आजोबा खुंटीवर. बायकोशी माझं बोलणं बंद. ती म्हणते, "काका, ह्यांना सांगा, जाळीची गाठ सुटलीय." मी म्हणतो, "काका, तिला सांगा, विशेष काही नाही." काका म्हणतात, "जावईबापू, मला वाकायचंय, मला मधे घेऊ नका." आणि मेहुणा आजोबांच्या डोक्यात हात घालून त्यांच्याच तोंडाने म्हणतोय, "शांत राहा, मी आहे ना!" तू आहेस हेच तर दुखणं आहे!

पडदा उघडला. पहिल्या रांगेत मॅनेजर, मांडीवर कागद, हातात पेन. आता आमच्या कामाची रीत तुम्हाला सांगायला हवी, म्हणजे पुढचं समजेल. मंचावर आम्ही बोलत नाही. एकमेकांकडे बघत नाही, जाळीतून दिसतंच किती? आजोबांच्या पाठीत एक दांडा आहे, त्याला सगळ्यांचा कुठे ना कुठे हात लागलेला. काकांनी पाय उचलला की दांडा जरा चढतो, मला कळतं. माझ्याकडे वजन आलं की तिला कळतं. बस. मोठं काही कुणाला ठाऊक नसतं. प्रत्येकाला आपली एवढीशी गोष्ट ठाऊक. पायांना अडलं की थांबायचं. डाव्याने तोल गेला की पुढे व्हायचं, आणि हाताला लागेल ते धरायचं. डाव्यावर वजन पडलं की उजव्याने मदतीला यायचं. हात जिकडे, मान तिकडे. एवढ्यावर आजोबा चालतात, रुसतात, लाजतात, आणि लोक घरी जाताना म्हणतात, "काय हुशार म्हातारा आहे!"

पण त्या दिवशी मी काय केलं? मी ठरवलं, आज डावा हात दाखवायचा! ह्या मॅनेजरला कळलं पाहिजे, डावा म्हणजे काय चीज आहे! आजोबा आले, खुर्चीत बसायला लागले, आणि मी घेतला हात वर! केसांवरून फिरवला... केस नाहीत! कान खाजवला. मिशीला पीळ दिला. लोकांना हात केला! झालं, हात वर गेला म्हणून मान वर गेली, मान वर गेली म्हणून पोट पुढे आलं, पोट पुढे आलं म्हणून काकांना वाटलं निघाले, त्यांनी टाकला पाय, आणि उजवा हात अजून खुर्ची शोधतोय! आजोबा खुर्चीवरून घसरले, उभे राहिले, गिरकी घेतली, पुन्हा लोकांना हात केला! वेडा म्हातारा! समोर कुजबुज सुरू. मेहुणा दातांतल्या दातांत "दाजी! दाजी!" करतोय. आणि बायकोने काय केलं असेल? आजोबांच्या उजव्या हातातली काठी घेतली आणि आजोबांच्या डाव्या हातावर हाणली! आजोबांनी स्वतःलाच मारलं! लोक हसले. मॅनेजर हसला नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं.

ते पेन हललं ना, तिथेच माझं अवसान गळालं. गेलं, म्हटलं. खिशात गेलो मी. गप्प हात पाठीवर ठेवला. आता जाऊ दे, काही दाखवायचं नाही, काही ठरवायचं नाही, शेवटचा प्रयोग करायचा आणि घरी जायचं. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू? जाळीतून आधीच कमी दिसतं, त्यात आणखी धूसर.

आता पुढचा प्रवेश असा की आजोबांचा चष्मा हरवलाय, आणि ते काठी टेकत टेकत मंचाच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत येतात. कडेच्या खाली वादकांचा खड्डा. माणूसभर खोल, आणि त्या दिवशी वादक नव्हते, नुसत्या लोखंडी खुर्च्या होत्या. रोजची जागा, रोजची पावलं. आणि तेवढ्यात... तुम्हाला सांगतो, अजून अंगावर काटा येतो... प्रेक्षकांतली एक चिमुरडी, नुकती चालायला लागलेली, बाजूच्या पायऱ्या चढून मंचावर आली! आई तान्ह्याला घेऊन बसलेली, तिचं लक्ष नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं हो! सगळ्यांनी! पण त्यांना वाटलं, ही नाटकातली नात! कुणी ओरडलंच नाही! मॅनेजरलासुद्धा वाटलं, वा, हे नवीन घातलंय! आणि ती पोर आजोबांच्या पुढून दुडूदुडू कडेकडे निघाली.

आणि आम्हाला चौघांना ह्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही!

काकांना फक्त जमीन दिसते. त्यांच्या बुटापुढे काहीतरी मऊ आलं. अडलं की थांबायचं. थांबले. दांड्यातून मला धक्का आला. तोल गेला की पुढे व्हायचं. झालो. हात हवेत गेला, बोटांना कापड लागलं. लागेल ते धरायचं. मला वाटलं, पडदा असेल! ओढली बोटांची दोरी, मिटली मूठ. आणि त्याच क्षणी त्या कापडाला असा हिसका बसला की माझा खांदा आणि आजोबांचा खांदा दोन्ही कळवळले! मला समजेना, पडदा पळतोय कसा? आजोबांचा हात खांद्यातून कडकड वाजायला लागला, शिवण उसवतेय, कापूस बाहेर येतोय, आणि मी सोडत नाहीये. का सोडत नाहीये? मला माहीत नाही! आणि मग काठी पडल्याचा आवाज आला. उजवा हात आला. दुसऱ्या बाजूने, माझ्या खालून, भक्कम. हात खाली गेले म्हणून मान खाली आली, मान आली म्हणून पाठ वाकली, आणि सगळे आजोबा त्या पोरीभोवती मिटले. फाटक्या कोटात घेऊन मागे बसले ते धप्पकन खाली. एक पाय तिचा कडेच्या बाहेर होता हो! एक पाय!

मग ती हसली आणि आजोबांची मिशी ओढली, तेव्हा मला कळलं की आपण पडदा धरलेला नाही.

टाळ्या! कान फुटतील अशा टाळ्या! मग आईची किंकाळी, आणि मग सगळ्यांना उमजलं, आणि मग टाळ्या बंद. आई धावत वर आली, पोरीला छातीशी धरलं, आणि रडत रडत पाया कुणाच्या पडली? आजोबांच्या! म्हणजे काकांकडे असलेल्या लाकडी बुटांच्या! आम्ही चौघं मागे काळ्या कपड्यांत, असून नसल्यासारखे.

नंतर रंगपटात मॅनेजर आला. चेहरा पांढराफटक. "कुणी बघितलं तिला? कुणी ठरवलं?" काका म्हणाले, "मी नुसता थांबलो, बुटाला अडलं म्हणून." मी म्हटलं, "मला वाटलं पडदा." मेहुणा... आयुष्यात पहिल्यांदा खाली बघत... म्हणाला, "मला टक्कल दिसतं साहेब. हात गेले, म्हणून मान नेली." मॅनेजर बायकोकडे वळला. "तुम्ही बाई? काठी टाकून तुम्ही का गेलात?" आणि ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काहीच दिसलं नाही. ह्यांच्या बाजूचं वजन वाढलं. म्हणून आले."

ह्यांच्या बाजूचं वजन वाढलं. म्हणून आले. अहो, मला वाटलं, पुन्हा सांग, काकांमार्फत सांगितलंस तरी चालेल!

मॅनेजर स्टुलावर बसला. "म्हणजे तुम्हा चौघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं?" "नाही." "मग आजोबांना कसं माहीत होतं?"

आणि आम्ही सगळ्यांनी वळून आजोबांकडे बघितलं. खुंटीवर टांगलेले. डावा हात खांद्यातून निखळून लोंबतोय. डोक्यात एक दोरी आणि एक झुरळ.

तेव्हापासून झोप उडालीय माझी. घरी आलो, चहाचा कप उचलला, आणि मनात आलं, हा कप उचलायचं ठरवलं कुणी? मी? मी म्हणजे कोण? का माझ्याही आत असेच काही जण आहेत, काळ्या कपड्यांत, एकाला तहान तेवढी कळते, एकाला चटका तेवढा कळतो, एकाला कप तेवढा दिसतो, अक्कल कुणालाच नाही, आणि सगळ्यांचं वजन एकमेकांना कळलं की बाहेरून लोक म्हणतात, "या, बसा, तुम्ही हुशार माणूस"? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्यात डोकं कुणाकडे आहे त्याला आधी दाढी करायला सांगा." बोलायला लागलीय, तेवढं बरं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग नोकरी टिकली असेल! ऐका. जाताना मॅनेजरने आजोबांशी हात मिळवला. कुठला हात? उजवा! मग आजोबांचा डावा हात बांधून गळ्यात अडकवला, कारण लोक आता विचारत येतात, "आजोबांचा हात कसा आहे?" मॅनेजर खूश! म्हणाला, "उत्तम! झोळीत हात, हलायचा प्रश्नच नाही. माणूस कशाला?" घेतली की हो तालीम, माझ्याशिवाय! मी समोर खुर्चीत बसून बघितली, छातीवर दगड ठेवून. आजोबा उठले... आणि पडले. काकांचं पाऊल चुकलं. उजवा हात सारखा डावीकडे जाऊन चाचपून येतोय. मान कुठे वळवावी ते मेहुण्याला कळेना. आणि झोळीतला हात? मेला होता हो तो. खुंटीवरचा कोट वाटत होते आजोबा.

मॅनेजरने बराच वेळ बघितलं. मग पेन खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, "जा. धरा तुमचा हात. पण हलवू नका हं!"

तर सध्या असं आहे. रोज काळे कपडे घालतो, जाळी बांधतो... गाठ तीच मारून देते... आणि प्रयोगभर झोळीत हात घालून उभा राहतो. परवा सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, काय करता हल्ली?" म्हटलं, काही नाही. पण ते मलाच करावं लागतं.